ठेवायची जागा

गेल्या वर्षी नवरात्राच्या सातव्या माळेला आपट्याहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. "दादा, लाकूडवाला येऊन घर बघून गेला. खांब, तुळया, दारे, सगळे घनफुटाच्या हिशेबाने उचलतो म्हणतो. आईचा पेटारा नि माजघरातले फडताळही त्यातच धरले आहे. दसऱ्याला येशील तेव्हा एकदाचे ठरवू."

घर पाडायचे हे आमचे आधीच ठरले होते. पाताळगंगेच्या काठचे ते कौलारू घर, आजोबांच्याही आधीचे. भिंतींना पोट आले होते. २६ जुलै २००५ च्या पावसात पाणी माजघरात शिरले तेव्हापासून उत्तरेकडची भिंत टेकूवरच उभी होती. तेव्हा घर पाडण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण 'पेटारा घनफुटाने' हे शब्द काही केल्या कानातून जाईनात. आणि तक्रार करायला मला तरी तोंड कुठे होते? ते पुढे सांगेनच.

दसऱ्याला आपट्याला जाण्यात एक गंमत आहे. ज्या झाडाची पाने सोने म्हणून लुटायची, त्याच झाडाचे नाव गावाला. हल्ली मात्र गावाची ओळख विचारली तर लोक आमचे रेल्वे स्टेशन सांगतात. १९९५ साली 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग याच फलाटावर घेतला, आणि तेव्हापासून पुष्कळांच्या लेखी आपटा म्हणजे धावती गाडी आणि तिच्यामागे पळणारी नायिका. मी उतरलो तेव्हा गाडी थांबलेली होती आणि नायिका म्हणावी अशी एक कोळीण टोपली सावरीत उतरत होती. समोर कर्नाळ्याचा अंगठा नेहमीसारखा आभाळात उभा.

घरी पोचलो तो लाकूडवाला फडताळापाशी टेप धरून उभाच. त्याने दोन्ही फळ्या मोजल्या, चौकट मोजली, आतल्या तीन फळ्या मोजल्या आणि वहीत आकडा टाकला. मी सहज विचारले, "एवढ्या मोठ्या फडताळाचे एवढेच?" तो हसून म्हणाला, "मास्तर, दारांचे पैसे देतो. मागे काय आहे? भोक!"

त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीत सोडलेली पोकळी, तिला पुढून सागाची दोन दारे, कडी नि कोयंडा. याचेच नाव फडताळ. दारे विकता येतात, पोकळी विकता येत नाही. त्याच्या त्या एका शब्दाने मला वाटते आपल्या जुन्या घरांचा अर्धा इतिहास सांगून टाकला. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. मुलांना शिकवतो तेवढाच काय तो माझा इतिहास. पण घरातल्या वस्तूंचा इतिहास दरबारी इतिहासाहून खोटा कमी बोलतो, असा माझा अनुभव आहे.

शब्दच पाहा ना. आपण आज ज्याला कपाट म्हणतो, त्या शब्दाचा संस्कृतातला अर्थ दार, दाराची फळी. बदरीनाथाचे कपाट उघडले अशी बातमी दरवर्षी आपण वाचतो, तिथे तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. आपले 'कवाड' हे त्याच शब्दाचे लेकरू. म्हणजे मराठी माणसाच्या लेखी कपाट ही उभी पेटी नव्हतीच. भिंतीतल्या जागेला लावलेले ते दार होते. पुढे भिंत गळाली, दाराचे नाव मात्र साऱ्या वस्तूला राहिले.

आणि खरोखरच, जुन्या घरात 'ठेवायची जागा' म्हणून जे काही होते, त्यातले बहुतेक हलवता येण्यासारखे नव्हते. पणतीला दिवळी, कुंकवाच्या करंड्याला कोनाडा, धान्याला भिंतीतले बळद किंवा ओटीवरची कणगी. अंगरख्याला खुंटी, लुगड्यांना आढ्याखालची दांडी. लोण्याला शिंके. डाळी-कडधान्यांना एकावर एक मडक्यांची उतरंड; तिच्यातले अगदी खालचे मडके काढायचे म्हणजे वरची सगळी उतरवायची, म्हणून खालच्या मडक्यात काय ठेवायचे हे घरची म्हातारी ठरवी. कागदांना तर कपाट नव्हतेच. ते फडक्यात बांधायचे. पेशव्यांच्या दप्तराचे हजारो 'रुमाल' पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासून पुढच्या चार वर्षांत त्यांतून निवडून ४५ खंड छापले. एवढ्या राज्याचा कारभार शेवटी कापडाच्या गाठीत टिकला, लाकडात नाही. शाळेतल्या मुलांना हे सांगितले की त्यांना ते खोटे वाटते.

मग हलवण्याजोगे काय होते? पेटी, पेटारा आणि संदूक. संदूक हा अरबी शब्द, पेटी आपली संस्कृत पेटिका. तिन्हींत एक गोष्ट समान: झाकण वर उघडते. याचे कारण साधे आहे. आपण जमिनीवर बसणारी माणसे. बसल्या जागी हात घालता यावा, झाकण मिटले की त्यावर पोर निजवावे, दुपारी पाहुण्याने टेकावे, अशी ती वस्तू. उभ्या दाराचे कपाट हे उभे राहणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचे. काठेवाडकडचे पितळी पत्र्याने मढवलेले पेटारे आज मुंबईच्या दुकानांतून पुष्कळ दिसतात. त्यांतल्या कित्येकांना खाली चाके असतात. मुलीला सासरी द्यायचे लेणे-लुगडे त्यात घालायचे आणि पेटारा ढकलत जागेवर न्यायचा. आपल्याकडच्या पेटाऱ्याला चाके क्वचित. चार ठेंगणे पाय मात्र हमखास असतात. ते शोभेचे नव्हेत. शेणाने सारवलेल्या जमिनीची ओल वर चढू नये म्हणून ते.

आमच्या काकूंचा पेटारा तसाच, बसक्या पायांचा. आजेसासूकडून सासूला, सासूकडून काकूंना आला. घरात सांगत की तो खाडीतून मचव्याने आला. आत डाव्या अंगाला एक अरुंद कप्पा आहे, त्याला वेगळे झाकण. लहानपणी आम्हाला त्यात हात घालायची बंदी होती. अर्थात आम्ही घालत होतोच. त्या कप्प्याला एक वास होता. पुढे कळले की तेवढी फळी कापराच्या लाकडाची आहे. चीनकडून येणाऱ्या जहाजांतून कापराच्या लाकडाच्या पेट्या मुंबईस पुष्कळ येत. रेशमी नि लोकरी कपड्यांना त्यात कसर लागत नाही म्हणून श्रीमंतांच्या घरी त्यांना मान. आमच्या पूर्वजांना अख्खी पेटी परवडली नसावी. कुठल्या तरी मोडक्या पेटीची एक फळी मिळवून गावच्या सुताराने ती सागाच्या पेटाऱ्यात बसवली, आणि पैठणी तेवढ्या कप्प्यात ठेवायची असे ठरले. डांबरगोळीच्या आधीची ही डांबरगोळी.

उभे कपाट आपल्याकडे समुद्रावरून आले, निदान त्याचे एक नाव तरी. अलमारी हा पोर्तुगीज 'आर्मारिओ'; त्याच्या मागे लॅटिनमधला शब्द, हत्यारे ठेवायची जागा अशा अर्थाचा. आमच्या जिल्ह्यात चौल-रेवदंड्याला पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये बस्तान मांडले आणि १७४० पर्यंत ते तिथे होते. शब्द त्यांचा राहिला. खेड्यातल्या घरात ती वस्तू मात्र फार उशिरा आली. ती आली इंग्रजी मुंबईच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकात फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटच्या आसपास शिसवाच्या नक्षीदार सामानाचे कारखाने चालत. काळेभोर शिसव, त्यावर वेली, फळे, सिंहाचे पंजे. साहेबांच्या बंगल्यांतून आणि पारशी शेटजींच्या दिवाणखान्यांतून हे सामान मिरवले. काम अप्रतिम, पण खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांना त्यातले पुष्कळसे सोसत नाही. जिथे बोट टेकायला कोरी जागा नाही, तिथली धूळ कोण पुसणार, हाच विचार आधी मनात येतो. शाळामास्तराची रसिकता एवढीच!

त्यापेक्षा मध्यमवर्गाच्या घरी जी साधी सागवानी कपाटे आली, ती मला फार आवडतात. आणि त्या सगळ्यांत गुणी म्हणजे स्वयंपाकघरातले जाळीचे कपाट. चार पाय, तिन्ही बाजूंना बारीक तारेची जाळी, आत दूध, दही, साय. चारी पाय पाणी भरलेल्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वारा खेळतो, मांजर जात नाही. किती थोड्या लाकडात किती शहाणपण! आमच्याकडचे ते कपाट आजीने आपल्या भिशीच्या पैशांतून करून घेतले होते. मी नोकरीला लागलो, घरात पहिला फ्रीज आणला आणि त्याला जागा हवी म्हणून ते कपाट दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिले. बदल्यात काय घेतले ते सांगायची लाज वाटते: एक प्लास्टिकची बादली. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी दुधाचे पातेले हातात घेऊन ती त्या रिकाम्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली, एवढे मी पाहिले. म्हणून म्हटले, मला तोंड नव्हते.

लाकडी कपाटाला हरवले ते फ्रीजने नव्हे, लोखंडाने. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलुपे करायला सुरुवात केली. १९०२ च्या सुमारास तिजोऱ्या, आणि १९२३ मध्ये पोलादी कपाट. वाळवी नाही, उंदीर नाही, ओल नाही. शिवाय आतला चोरकप्पा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट होऊन आगडोंब उसळला, त्यातही काही तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले असे सांगतात. मग कोणता बाप मुलीला लाकडी पेटारा देईल? लग्नात 'गोदरेजचे कपाट' देण्याची पद्धत पडली, आणि दुसऱ्या कुणी केलेल्या कपाटालाही लोक गोदरेजचेच म्हणू लागले. त्या करड्या, हिरवट कपाटांना आम्ही नाके मुरडली, पण आज त्यांचेही वय झाले आहे. शंभरी उलटलेल्या वस्तूला आता नावे ठेवू नयेत.

जाळीच्या कपाटाचे पाप धुवावे म्हणून काही वर्षांपूर्वी मी मुंबईतून एक 'जुने' कपाट विकत घेतले. दुकानदार गोड बोलला. दीडशे वर्षांचे आहे, एका संस्थानिकाच्या वाड्यातले आहे, आणखी काय काय. घरी आणल्यावर पावसाळ्यात त्याच्या पाठीची फळी फुगली. पाहतो तो पाठ प्लायवुडची, तिच्यावर चहाच्या पाण्यासारखे काही तरी फासलेले. आमच्या शाळेजवळच्या म्हाताऱ्या सुताराला दाखवले तर तो पोट धरून हसला. पण हसून झाल्यावर त्याने मला अर्धा तास जे शिकवले, ते त्या सगळ्या पैशांच्या मोलाचे होते. दिवाळीच्या खरेदीत कुणी जुन्या सामानाच्या फंदात पडणार असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

तो म्हणाला, तोंड बघू नका, पाठ बघा. नक्षी कुणीही नवी कोरतो. पाठ आणि तळ कुणी फसवायला बसत नाही. हाताच्या रंध्याने काढलेल्या फळीवरून बोटे फिरवली तर बारीक लाटा लागतात. यंत्राची फळी काचेसारखी सपाट. खण बाहेर काढून कोपरा पाहा: एका फळीच्या खाचेत दुसरीचे कुसू नीट बसवले आहे, की दोन खिळे मारून भागवले आहे? हाताने कापलेली कुसवे कधी एकसारखी नसतात, आणि ती नसावीतच. जुने खिळे लोहाराने ठोकलेले, चौकोनी. बिजागरी नवी असेल तर तिच्या खाली जुन्या बिजागरीची खूण आहे का ते बघा. शंभर वर्षांत बिजागरी बदलली जाणारच, पण लाकडाला तिची आठवण राहते. झीज कुठे आहे ते पाहा. खऱ्या कपाटाचे लाकूड हात लागतो तिथे, कडीच्या भोवती, खणाच्या खालच्या कडेला झिजलेले असते. खोटे कपाट सगळीकडे सारखेच झिजलेले!

किडीची भोके दिसली म्हणून घाबरू नये. भोक काळवंडलेले असेल तर कीड केव्हाच मेली. पण खाली ताज्या पिठासारखी भुकटी पडत असेल तर ते कपाट फुकट मिळाले तरी घरात घेऊ नये. ते तुमची चौकटही खाईल. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, त्यात मूळचेच तेल असते. सालीकडचे पांढरे लाकूड मात्र ती आवडीने खाते. म्हणून 'सागवान आहे' एवढ्यावर भुलू नये, कुठला साग ते पाहावे. आणि घेतल्यावर लगेच खरवडून चकचकीत करायचा मोह आवरावा. जुने पॉलिश म्हणजे स्पिरिटात विरघळवलेली चपडी लाख. ते शेकडो हातांनी मुरलेले असते. मऊ फडक्याने पुसावे, फार तर मेण लावावे.

शेवटी तो म्हणाला ते मला सर्वांत पटले. "मास्तर, आधी घरी जाऊन बघा काय ठेवायचे आहे. मग जिन्याची रुंदी मोजा. मग बाजारात जा." आपण नेमके उलट करतो. कपाट बघून भुलतो, मग त्यात ठेवायला वस्तू शोधतो. ज्याला रोज कपडे लागतात त्याने पेटारा घेऊ नये, वाकून वाकून पाठ मोडेल. गोधड्या, शालू, जुने फोटो, वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू, यांना पेटाऱ्यासारखी जागा नाही. पुस्तके त्यात कधीच घालू नयेत. तळाचे पुस्तक म्हणजे विहिरीत पडलेली कळशी.

आणखी एक गोष्ट, कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा लेकीकडे परदेशी पणजीचा पेटारा पाठवायचा बेत असेल तर आधी चौकशी करावी.

हे सगळे शिकल्यावर मी मुलांची सहल घेऊन पुण्याला राजा केळकर संग्रहालय पाहायला गेलो. पूर्वी एकदा पाहिले होते, पण पाहणे निराळे. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे कवी, व्यवसाय चष्म्यांचा. त्यांचा एकुलता एक मुलगा, राजा, लहान वयात गेला. त्या माणसाने १९२० च्या सुमारापासून पुढे सारे आयुष्य गावोगाव फिरून जमवले काय, तर अडकित्ते, दिवे, कुलुपे, पानाचे डबे, कुंकवाच्या फणेरपेट्या, दारे, चौकटी. लोक अडगळ म्हणून टाकीत होते ते सगळे. वीसेक हजार वस्तू झाल्या. त्या त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केल्या आणि संग्रहाला नाव दिले आपल्या मुलाचे. कोथरूडला मस्तानीचा महाल मोडकळीस आला होता, त्याचे उरलेसुरले लाकूडकाम आणून तेही तिथे पुन्हा उभे केले आहे. १९९० मध्ये केळकर गेले. एका फणेरपेटीपुढे मी बराच वेळ उभा होतो. आरसा काळवंडलेला, कुंकवाच्या खणात अजून लालसर डाग. एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे कुणाचे?" पाटीवर ते लिहिलेले नव्हते.

दसऱ्याच्या दिवशी हे सारे माझ्या डोक्यात होते. पण ओटीवर बसून चुलतभावाशी बोलताना त्यातले काहीच उपयोगी पडेना. तो म्हणाला, "दादा, तुझ्या कादंबरीत पेटारा शोभेल. मला पनवेलला साडेपाचशे फुटांत चार माणसे नि आई बसवायची आहेत. पोराची इंजिनिअरिंगची फी तोंडावर आली आहे." यात खोटे काय होते? मी आयुष्यभर पगारी माणूस, आणि जाळीचे कपाट बादलीला देणारा. मी गप्प बसलो.

काकू आतून म्हणाल्या, "आधी तो रिकामा तर करा. मग विका."

आम्ही दोघांनी झाकण उचलले. वर दोन गोधड्या, मग काकांचा कोट, मग काकूंच्या लग्नातला शेला. २००५ च्या पाण्याची रेघ बाहेरच्या अंगाला पायांच्या वर चार बोटे स्पष्ट दिसत होती. आत तळ तेवढा काळा पडला होता, कपड्यांना धक्का नव्हता. कापराच्या कप्प्यात जमिनीच्या कागदांचे एक पुडके निघाले, फडक्यात बांधलेले, गाठ मारलेली. रुमालच तो. त्याच्याखाली एक मुडपलेली वही, आजीच्या भिशीची. पहिल्या पानावर नावे, दुसऱ्यावर हप्ते, आणि तिसऱ्यावर तिच्या वाकड्या अक्षरात एकच ओळ: जाळीचे कपाट, सुतारास दिले, आणि आकडा.

चुलतभावाने ती ओळ वाचली. माझ्याकडे पाहिले. तो तेव्हा सात-आठ वर्षांनी लहान होता, पण ती बादली त्यालाही आठवत असावी. काही न बोलता त्याने टेप घेतला आणि पेटाऱ्याची रुंदी मोजली: सव्वा दोन फूट. पनवेलच्या ब्लॉकचे दार अडीच फुटांचे.

लाकूडवाल्याने पेटाऱ्याचे पैसे हिशेबातून वजा केले. तेवढ्या पैशांचे ओझे मी उचलले, आणि त्यावर आम्हा दोघांत पुन्हा चर्चा झाली नाही. पेटारा आता काकूंच्या पलंगाच्या पायथ्याशी आहे, त्यावर नातू अभ्यासाला बसतो. फडताळाची दारे मी पेणला आणली. माझ्या घराच्या भिंती सहा इंचांच्या. त्यांत पोकळी काढायची म्हणजे शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जायचे. सुतार म्हणतो, मागे दीड हाताची पेटी करून देतो. तोपर्यंत दारे चौकटीसकट भिंतीला टेकून उभी आहेत. परवा दिवाळीची झाडलोट करताना बायकोने ती पुसली आणि सवयीने कडी लावून टाकली.